सातवीची मुलं धडा वाचतात, पण उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहीत नाहीत. काय करावं?

वाचून झालं की पुस्तक मिटायला लावा, शेजारच्याला दोन मिनिटं तोंडी सांगू द्या आणि मगच वही उघडू द्या. सहावी-सातवीला मराठी शिकवताना मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झालाय, कारण पुस्तक समोर उघडं असलं की मुलं वाक्य शोधतात, अर्थ शोधत नाहीत. प्रश्नही बदला. धड्यात ‘आईनं ताट बाजूला सरकवलं’ असं असेल आणि तुम्ही ‘आईनं काय केलं?’ विचारलंत, तर तेच वाक्य वहीत उतरणार. ‘आई का जेवली नसेल?’ विचारा. वर्ग क्षणभर गप्प होतो, मग चार वेगळी उत्तरं येतात, आणि ती चारही लिहून घेण्यासारखी असतात.

वही तपासताना सगळं लाल करू नका, मूल लिहायचंच सोडून देतं. आठवड्याला एकच गोष्ट धरा. उदाहरणार्थ, शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ: पाणी, गाडी, आजी (‘आणि’सारखे मोजके अपवाद सांगून ठेवा).

मात्र जे मूल अजून जोडाक्षरांपाशी अडखळतं, त्याला हे एवढ्यानं जमणार नाही. त्याच्याकडून आधी रोज पाच-सहा ओळी मोठ्यानं, तुमच्यासोबत वाचून घ्या. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तोंडी सांगणं खुशाल त्याच्या भाषेत करू द्या, लिहिताना मराठीत आणता येतं.