टाइमटेबल बुधवारपर्यंतच का टिकतं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्सला आहेस, घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गावात, हायर सेकंडरी साखळी शहरात. दर रविवारी रोज सहा तासांच्या अभ्यासाचं टाइमटेबल करतेस आणि बुधवारी ते मोडतं. मग अंगात शिस्तच नाही असं वाटतं. पहाटे चारला उठायची सवय लावू का, असंही विचारलंयस. वयाने लहान आहेस म्हणून एकेरी लिहितो.

आधी हिशोब मांडू. दिवसाचे २४ तास. झोप ८. सकाळी पावणेसातची बस पकडून दुपारी अडीचला घरी, म्हणजे पावणेआठ. जेवण, आंघोळ आणि घरातली चार कामं मिळून अडीच. ट्यूशन जाण्यायेण्यासकट दोन. बेरीज झाली सव्वावीस. उरले पावणेचार, तेही कागदावर. बस चुकली, पाहुणे आले, डोकं दुखलं की हातात अडीच तास राहतात. त्या अडीचमध्ये सहा बसवायला निघालीस. सोमवारी हौसेने जमतं, मंगळवारी झोप कापून जमवतेस आणि बुधवारी अंग ऐकत नाही. यात स्वभावाचा दोष शोधत बसू नकोस, बेरीज चुकलीय.

टाइमटेबल आपण नेहमी चांगल्या दिवसाचं करतो. वीज आहे, घर शांत आहे, मन ताजं आहे, असा दिवस डोळ्यांसमोर ठेवून. माझं सांगणं, आधी वाईट दिवसाचं कर. ताप आहे, पावसात वीज गेलीय, घरी चवथीची (गणेशचतुर्थीची) धावपळ आहे, अशा दिवशीही होईल एवढंच काम ठरव. माझ्या मते ते २० मिनिटांचं असावं: त्या दिवशी वर्गात झालेल्या एका विषयाचे ५ प्रश्न पुस्तक मिटून लिहायचे आणि फिजिक्स किंवा मॅथ्सची २ गणितं सोडवायची. बस. याला ‘किमान माप’ म्हण. ‘पूर्ण माप’ वेगळं: ४५ मिनिटांच्या तीन बैठका, मध्ये दहा-दहा मिनिटं सुट्टी. सगळं मिळून दोन तास पस्तीस मिनिटं, म्हणजे ट्यूशनच्या दिवशीही बसतं. हे नीट जमायला लागलं की ट्यूशन नसेल त्या दिवशी चौथी बैठक जोड. पाचवी नको.

किमान माप इतकं लहान कशाला, असं वाटेल. सवय लागते ती दररोज त्याच वेळी, त्याच जागी बसण्याची. किती वेळ बसलीस हे तिथे दुय्यम आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात ९६ जणांनी एखादी साधी गोष्ट रोजच्या ठराविक प्रसंगाला जोडून करून पाहिली. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, पण पसारा १८ पासून थेट २५४ पर्यंत होता. तेव्हा २१ दिवसांत सवय लागते हे विसर. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही दिसलं. म्हणून नियम एकच ठेव: एक दिवस बुडाला तर बुडाला, दुसऱ्या दिवशी किमान माप तरी व्हायलाच हवं. बुडालेला अभ्यास मात्र दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नकोस. दोन दिवसांचं ओझं एका दिवसावर टाकलं की तोही मोडतो.

आता बसायचं कधी. ‘संध्याकाळी साडेचारला’ असं घड्याळावर लिहिलेलं सहज सरकतं. घरात आधीपासून होणाऱ्या एखाद्या गोष्टीला ते बांध. दुपारचा पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत येतो, पाव घेतले जातात, चहा होतो. तर असं ठरव: चहाचा कप धुऊन पालथा घातला की सरळ टेबलापाशी. पोदेर आला नाही तरी चहा होतोच, म्हणून खूण कपाची धर, हॉर्नची नको. पहिल्या बैठकीत काय करायचं हे आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेव. तेही नेमकं हवं. ‘केमिस्ट्री’ असं नको, ‘हॅलोअल्केन्स, पाठामागचे प्रश्न १ ते ६’ असं हवं. काय करू, या विचारात पहिली दहा मिनिटं जातात आणि नेमकं तेव्हाच मोबाईल हातात येतो.

मोबाईलबद्दल उपदेश करत नाही, जागा सांगतो. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, शक्यतो स्वयंपाकघरात, जिथे आई असते. सायलेंट करून वहीखाली ठेवण्याने काही साधत नाही, कारण हात तिकडे जातोच. अडचणी दोन येतात. पहिली, ‘गजर मोबाईलवरच लागतो’. त्यावर उपाय साधं गजराचं घड्याळ. दुसरी, ‘ट्यूशनच्या नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर येतात’. रात्री साडेआठला दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेव, त्यात आलेलं वहीत उतरवून घे आणि मोबाईल परत जागेवर. व्हिडिओ लेक्चर बघायचं असेल तर आधी डाउनलोड कर आणि विमान मोडवर बघ. गावात रेंज जाते-येते, तेव्हा लेक्चर अडखळलं की बोट दुसऱ्या अ‍ॅपवर सरकतं.

खरी गफलत होते ती टेबलाशी बसल्यानंतर. बहुतेक मुलं ४५ मिनिटं वाचतात, पिवळ्या पेनाने रेघा मारतात आणि अभ्यास झाला म्हणतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बघ. एका गटाने उतारा परत परत वाचला. दुसऱ्याने तो एकदा वाचून पुढे तीनदा, न बघता, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. रात्री पुस्तक मिटताना ‘येतंय मला’ असं वाटतं ते याच पाच मिनिटांच्या जोरावर. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

उदाहरण म्हणून फिजिक्समधल्या लेन्समेकरच्या सूत्राची, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर काढायच्या सूत्राची, सिद्धता घेऊ. दहा मिनिटं समजून वाच. पुस्तक मीट. आधी आकृती काढ, चिन्हसंकेत कोपऱ्यात लिही, मग पहिल्या पृष्ठभागापासून सुरू कर. अडलीस तर निदान दोन मिनिटं थांब, पुस्तकाकडे लगेच धाव घेऊ नकोस. आठवण्याची ती झटापटच कामाची असते. तरीही सुचलं नाही तर तेवढी ओळ रिकामी सोडून पुढे जा. शेवटी पुस्तक उघड आणि राहिलेलं लाल पेनाने भर. उद्या फक्त लाल ओळींच्या आसपासचा भाग, तीन दिवसांनी पूर्ण सिद्धता कोऱ्या कागदावर. या सिद्धतेत घोळ बहुधा दुसऱ्या पृष्ठभागाच्या चिन्हापाशी होतो, आणि नुसतं वाचत राहिलं तर तो कधी दिसतच नाही.

उजळणीला साधी युक्ती आहे. पाठ पहिल्यांदा संपवलास की त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन तारखा लिही: तीन दिवसांनी, सात दिवसांनी, २१ दिवसांनी. हे आकडे वेदवाक्य नव्हेत, अंतर वाढत जावं एवढंच महत्त्वाचं. प्रत्येक उजळणी दहा मिनिटांची आणि पुस्तक मिटूनच. महिनाभरात उजळण्या साठायला लागतात, तिथे पुष्कळ जण सोडून देतात. एका दिवशी तीनपेक्षा जास्त आल्या तर जो पाठ सगळ्यात चांगला येतो त्याची खुशाल गाळ.

मॅथ्सला एका प्रकरणाची २० गणितं सलग करू नकोस. पहिली पाच सलग, मग आधीच्या दोन-तीन प्रकरणांतली मिसळून. सलग केल्यावर कुठली रीत लावायची हे शोधावंच लागत नाही, आणि बोर्डाच्या पेपरात तेच तर शोधायचं असतं. शिवाय चुकांची एक वेगळी वही ठेव. तीन रकाने पुरेत: कल्पनाच कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. दोन आठवड्यांनी कुठला रकाना लांबलाय ते बघ. पहिला लांबला तर सरांकडे जायचं, दुसरा लांबला तर पायऱ्या गाळणं बंद करायचं, तिसरा लांबला तर प्रश्नातलं विचारलेलं आणि एकक दोन्ही अधोरेखित करूनच पेन टेकवायचं. ‘अजून जास्त अभ्यास करते’ हे या तिन्हींवर औषध नाही.

गोव्यात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं खूप आहेत, कदाचित तूही त्यातलीच. वाचनाचा वेग कमी पडत असेल तर त्याची लाज नको, हिशोबात धर. इंग्रजी पुस्तकाची दोन पानं नीट समजून वाचायला किती मिनिटं लागतात ते एकदा मोजून बघ आणि पाठाला तेवढा वेळ दे. समजून घेताना मोठ्याने मराठीत किंवा कोंकणीत सांग, लिहिताना इंग्रजीतच लिही. दुसरा भाग टाळला की ‘येतं पण मांडता येत नाही’ ही तक्रार शेवटपर्यंत राहते.

आता पहाटे चार. माझं स्पष्ट मत, नको. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेच्या तज्ज्ञांच्या संस्था सांगतात. रात्री अकराला झोपून चारला उठलीस तर पाच तास झाले. वर्गात तिसऱ्या तासाला पेंगशील, म्हणजे घरी मिळवलेला तास तिथे गेला. पावणेसातच्या बससाठी पावणेसहाला उठणं पुरतं, मग रात्री पावणेदहाला दिवा बंद. सध्या अकराला झोपत असशील तर एकदम सव्वा तास मागे सरकू नकोस. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं, म्हणजे साधारण तीन आठवड्यांत होईल. दिवसा साडेचारनंतर चहा-कॉफी नको. रविवारीही उठण्यात तासाभराहून जास्त फरक नको, नाहीतर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार वाया जातो.

दुपारच्या झोपेवर मात्र माझी बंदी नाही. दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) जेवल्यावर डोळे मिटतातच, आणि गोव्यात त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त गजर लावून २० ते ३० मिनिटं. दीड-दोन तास झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं, अर्धा तास डोकं जड राहतं आणि रात्रीची झोप पुढे ढकलली जाते. तुझं टाइमटेबल मोडण्यात या दोन तासांचा वाटा बराच असेल, असा माझा संशय आहे.

वर्षाची दिनदर्शिका समोर घे आणि जाणारे दिवस आधीच खोडून टाक. चवथीचे दिवस: माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायची, पाहुणे, रात्री घुमट वाद्यावरच्या आरत्या. तिथे पूर्ण माप लिहूच नकोस. किमान माप सकाळी पूजेची गडबड सुरू व्हायच्या आत उरक, रात्रीवर सोडलंस तर होणार नाही. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री जागरण करणार असशील तर दुसरा दिवसही सुट्टीत धर. गावची जत्रा आणि घरातलं लग्न तसंच. नाताळ-नववर्षाचा आठवडा मात्र पूर्ण सोडू नकोस, कारण बारावीची बोर्डाची परीक्षा हल्ली फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येते. खोडून उरलेले दिवस मोज आणि उरलेल्या पाठांना त्यांनी भाग. जून ते सप्टेंबर वीज जाणार हे गृहीत धर: चार्जिंगचा दिवा रोज भरलेला हवा आणि प्रश्नपत्रिका कागदावर छापलेल्या.

घरात टीव्ही, लहान भावंडं, जागा नाही अशी अडचण असेल तर जवळच्या ग्रंथालयात बसायला मिळतं का विचार. पणजीच्या आसपासच्या मुलांना पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ सालची संस्था, वाचायला बसण्यासारखी. सत्तरीहून रोज तिथवर जाण्यात मात्र शहाणपण नाही.

शेवटचं काम रविवारचं, २० मिनिटांचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पूर्ण मापाच्या दिवशी फुली, किमान मापाच्या दिवशी नुसती तिरकी रेघ. रविवारी मोज. सातपैकी चारपेक्षा कमी फुल्या असतील तर बैठका तीनवरून दोनवर आण. तिरक्या रेघासुद्धा चुकत असतील तर २० मिनिटांचं किमान माप दहावर आण. सलग दोन आठवडे सहा फुल्या झाल्या, तरच बिनट्यूशनच्या दिवशी चौथी बैठक सुरू कर. हा पहिला आठवडा फक्त किमान मापाने काढ. वेळ उरला, उत्साह आला तरी २० मिनिटांवर वही बंद.