आपत्तीतल्या मदतकार्यात जायचंय, कोणते कोर्स करू?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, दोन वर्षं गावपातळीवरच्या संस्थेत काम केलंय, आणि आता लाखभर भरून डिप्लोमा करावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. फुकटातलं आधी संपवा.

पहिला 'बीसेफ'. संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षेवरचा ऑनलाइन कोर्स, कुणालाही करता येतो. मग 'काया' आणि 'डिझास्टररेडी' या दोन संकेतस्थळांवरचे लैंगिक शोषण प्रतिबंध आणि मानसिक प्रथमोपचाराचे छोटे कोर्स. हे दोन-तीन संध्याकाळींत उरकतात.

खरा वेळ द्यायचा तो 'स्फिअर'ला, म्हणजे मदतकार्याच्या किमान मानकांना. त्याचं 2018 चं हँडबुक मोफत मिळतं. नुसते आकडे पाठ करू नका, गणित मांडून बघा. समजा, छावणीत 2000 माणसं आहेत. माणशी दिवसाला किमान 15 लिटर धरलं तर 30,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा. 250 माणसांमागे एक नळ, म्हणजे आठ नळ. बरेच जण इथेच थांबतात. पण नळाला मिनिटाला साडेसात लिटर पाणी येतं, हे त्या हिशेबात गृहीत धरलेलं आहे. तेवढी धार असली तरी प्रत्येक नळ आठ तास वीस मिनिटं चालू ठेवावा लागतो. धार निम्मी झाली की रात्र पडली तरी रांग संपत नाही. संडासांचंही तसंच: सुरुवातीला 50 माणसांमागे एक, म्हणजे 40, पुढे 20 मागे एक, म्हणजे 100. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. अंधारात, लांब बांधलेले संडास बायका वापरत नाहीत. आकडा कागदावरच पुरा होतो.

क्लोरीन टाकायला प्रत्यक्ष हाताने शिका. अर्ध्या तासानंतर लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ते उरत नसेल तर बहुधा दोनच कारणं: पाणी गढूळ आहे (आधी तुरटी फिरवून निवळू द्या) किंवा ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं राहून तिचा जोर गेलाय.

'हीट' म्हणजे युद्धग्रस्त भागासाठीचं तीन ते पाच दिवसांचं प्रशिक्षण: चेकपोस्टवर कसं वागायचं, रक्तस्राव कसा थांबवायचा. ते महाग असतं. स्वतःच्या खिशातून करू नका. तशा जागी पाठवणाऱ्या संस्थेनेच ते करवून घ्यायला हवं.

दीर्घ शिक्षणच हवं असेल तर मुंबईत टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं) जमशेटजी टाटा स्कूल ऑफ डिझास्टर स्टडीज आहे. पण त्याआधी 'कोबो टूलबॉक्स' या माहिती गोळा करायच्या साधनावर मराठीत एक सर्वेक्षण-फॉर्म बनवून वीसेक घरांत वापरून बघा. नेट नसतानाही तो भरता येतो. 'घरात किती माणसं?' एवढंच विचारलंत तर फसाल. एका छपराखाली दोन चुली असतात, आणि धान्याचं किट एकच पोहोचतं. प्रश्न चुलीवरून विचारा.