चक्रीवादळ आणि पुरानंतर मदत म्हणून सर्वात आधी काय पोहोचायला हवं?

अन्नाइतकंच तातडीचं म्हणजे शुद्ध पाणी. मोझांबिकचं उदाहरण घ्या. १४ मार्च २०१९ च्या रात्री इडाई वादळ बैरा शहराजवळ धडकलं. त्यानंतर पुंग्वे आणि बुझी नद्यांना महापूर आला. रस्ते तुटले, माणसं छपरांवर आणि झाडांवर अडकली. म्हणून पहिले काही दिवस बोटी आणि हेलिकॉप्टरच कामाची होती. त्या भागात असलेली भारतीय नौदलाची सुजाता, शार्दूल ही जहाजं आणि तटरक्षक दलाचं सारथी लगेच बैराकडे वळवली गेली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

पाणी ओसरू लागलं तशी खरी भीती कॉलऱ्याची होती. मार्चअखेर साथ जाहीर झाली आणि ३ एप्रिलला तोंडावाटे द्यायच्या लसीची मोहीम सुरू झाली, जवळपास ९ लाख डोस! माझ्या मते या सगळ्या मदतकार्यातलं हे सर्वात मोलाचं काम.

एक गोष्ट मात्र हमखास मागे पडते, ती म्हणजे बियाणं. मक्याचं पीक काढणीच्या तोंडावर बुडालं होतं. अशा शेतकऱ्याला पुढच्या पेरणीआधी बी मिळालं नाही, तर त्याची उपासमार वर्षभर लांबते. तुम्ही देणगी देणार असाल तर जुने कपडे पाठवू नका, पैसेच द्या.