वाडीला पहिल्यांदा जाताना

आईला घेऊन नरसोबावाडीला निघतोयस, तर गुरुवार आणि पौर्णिमा टाळ. दर्शन होतं, पण म्हाताऱ्या माणसाचं रांगेत हाल होतात. बसनं जाणार असशील तर ध्यानात ठेव, कर्नाटकाच्या साध्या गाडीत तिथल्या बायकांना प्रवास फुकट आहे, तो कर्नाटकातल्या कर्नाटकात. पुढचे सुटे पैसे हाताशी असू देत.

वाडीत आधी घाटावर जा. कृष्णा-पंचगंगेचा संगम तिथंच. पावसाळ्यात पाणी चढलं की ते देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात अंघोळीला लोकांची झुंबड उडते. आईला मात्र तेव्हा नेऊ नकोस, पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

खरा वेळ ठेव खिद्रापूरसाठी, तिथल्या कोपेश्वराच्या म्हणजे शंकराच्या जुन्या देवळासाठी. बरेचजण बासुंदी खाऊन वाडीतूनच माघारी फिरतात, मला ते पटत नाही. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब, आणि छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. खालच्या गोल शिळेवर उभं राहून वर बघ. मग बाहेरून फेरी मार. पायथ्याला हत्तींची रांग आहे, बहुतेकांच्या सोंडा फुटलेल्या. गाभाऱ्यात लिंगं दोन, कोपेश्वर आणि धोपेश्वर. समोर नंदी मात्र नाही. तो म्हणे आपल्या चिकोडीकडच्या यडूरला! सवड असली तर तेही कर, वीरभद्राचं देऊळ कृष्णाकाठीच आहे.

बासुंदी परतताना घे, उन्हात दिवसभर टिकत नाही. कवठाची बर्फी चालेल.