न ठरवलेला सिनेमा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील चित्रपट मंडळाने साठच्या दशकातील काही अमेरिकी ‘अंडरग्राउंड’ (म्हणजे मोठ्या स्टुडिओंबाहेर, तुटपुंज्या पैशांत काढलेले) चित्रपट दाखवले. कॅमेरा हलतो, चेहरे चौकटीबाहेर जातात, कथेचा पत्ता नसतो. जाणकार मात्र ‘सगळे उत्स्फूर्त आहे’ म्हणून वाखाणतात. पूर्वतयारी न करण्याचे एवढे कौतुक कशासाठी?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ‘सगळे उत्स्फूर्त’ हा दावा पुष्कळदा अर्धाच खरा असतो. जॉन कॅसाव्हेट्स यांच्या ‘शॅडोज’च्या शेवटी हा चित्रपट उत्स्फूर्तपणे घडल्याची पाटी येते, प्रत्यक्षात १९५९च्या आवृत्तीतील बराच भाग आधीच्या खेळांनंतर लिहून काढून नव्याने चित्रित केलेला होता. तेव्हा आपली शंका रास्तच आहे.

तरीही या चित्रपटांची ओढ वाटते, आणि माझ्या मते तिचे कारण साधनांच्या टंचाईत आहे. या मंडळींच्या आवडत्या बोलेक्स कॅमेऱ्याला चावी द्यावी लागे. एकदा दिलेली चावी जेमतेम अर्धा मिनिट पुरे. फिल्म महाग, म्हणून रॉन राइस यांनी ‘द फ्लॉवर थीफ’साठी दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या तोफांना जोडलेल्या कॅमेऱ्यांसाठीची उरलेली फिल्म घेतली. त्यात नट टेलर मीड कापडी अस्वल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत भटकतो आणि आता काय करावे, हे जणू आपल्यासमोरच ठरवतो. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याला सांगाडा ठाऊक असतो, पुढचे वाक्य मात्र समोरच्याच्या बोलण्यावरून सुचते. तसेच हे आहे. फरक एवढाच, की फसलेले दृश्य पुन्हा घेण्याइतकी फिल्म येथे क्वचितच शिल्लक असे, त्यामुळे फसलेलेही पडद्यावर राहिले. जॅक स्मिथ यांचा ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ (१९६३) न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहाच्या गच्चीवर, मुदत उलटलेल्या फिल्मवर चित्रित झाला. त्यातला विरलेला पांढुरका प्रकाश काही अंशी त्या शिळ्या फिल्मची देणगी आहे. (पुढच्याच वर्षी पोलिसांनी तो जप्त केला, पण त्याचे कारण तंत्र नव्हे, अश्लीलतेचा आरोप होता.)

यातले बरेच कंटाळवाणे आहे, हेही मान्य करायला हवे. अँडी वॉरहॉल यांचा आठ तासांचा ‘एम्पायर’ अख्खा पाहण्याचा आग्रह मी कोणालाही करणार नाही. शिवाय त्यातल्यासारख्या, एम्पायर स्टेट बिल्डिंगवर एका जागी रोखलेल्या कॅमेऱ्यात उत्स्फूर्ततेला फारसा वावही नाही. त्याऐवजी आपल्या मंडळात प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) दाखवावा. तो फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत तयार झाला, म्हणजे ‘अंडरग्राउंड’ मुळीच नव्हे. पण प्रतिमांची धांदल आणि ध्वनीची मोडतोड यांत तो या मंडळींच्या जवळचा वाटतो, आणि जेमतेम सात मिनिटांचा आहे.