सुभेदार आजोबा त्या माणसाच्या पाया का पडले?

प्रिय सोनू,

परवा आजोबांचे फोटो बघताना तू दोन फोटो शेजारी ठेवलेस. एकात ते छातीवर पदकं लावून ताठ उभे. दुसऱ्यात धोतर, कपाळाला बुक्का, आणि लोणंदच्या रस्त्यात एका म्हाताऱ्याच्या पायांवर वाकलेले. "आई, सगळे आजोबांना सॅल्यूट करायचे ना? मग हा कोण, त्यांचा साहेब?" असं तू विचारलंस. तेव्हा मी कामाच्या गडबडीत "नंतर सांगते" म्हणाले. आज शांतपणे लिहिते. अडेल तिथे मला विचार.

त्या फोटोत अर्धंच आलंय, बाळा. तो म्हातारासुद्धा त्याच वेळी आजोबांच्या पाया पडला होता. वारीत समोर कुणीही आलं तरी त्याला "माउली" म्हणायचं आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. वय, जात, हुद्दा काही विचारायचं नाही. तो माणूस कोण होता, हे आजोबांनाही माहीत नव्हतं.

आजोबा १९६२ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, ते २८ वर्षांनी सुभेदार होऊन घरी आले. त्यांची बटालियन, म्हणजे रेजिमेंटची पहिली, 'जंगी पलटण', १७६८ सालची. डिसेंबर १९७१ मध्ये ती पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, जमालपूरला लढली. त्या लढाईबद्दल मी खूपदा विचारलं. "थंडी होती," एवढंच म्हणायचे. गेलेल्या सोबत्यांची नावं मात्र रोज हरिपाठ झाल्यावर हात जोडून मनातल्या मनात घ्यायचे. ओठ हलायचे, आवाज नसायचा.

त्या दिवसांत तुझ्या पणजीआजीला, म्हणजे माझ्या आजीला, आणि माझ्या आईला ते कुठे आहेत हेच ठाऊक नव्हतं. पत्त्यात गावाचं नाव नसायचं. नंबर, नाव, पलटण आणि एपीओचा, म्हणजे लष्करी पोस्टाचा, आकडा, बस्स. वर्षाला दोन महिने रजा. रजेवर आले की पहिले चार दिवस ते पाहुण्यासारखे वाटायचे आणि मी दाराआड लपायचे. शेत, गुरं, आजारपणं, आमच्या शाळा, सगळं आईनं ओढलं. पदकं त्यांच्या छातीवर दिसतात, पण निम्मी नोकरी आईनं केली असं मी मानते. तेही तसंच मानायचे, आणि चारचौघांत बोलून दाखवायचे.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आषाढात त्यांनी तुळशीची माळ घातली. माळ घातली की मांसाहार आणि दारू बंद, एकादशी धरायची. मग आळंदी ते पंढरपूर दरवर्षी पायी. आजोबांना वारी इतकी का आवडायची, तर तिथे त्यांना आपली पलटण दिसायची. दिंड्यांना नंबर असतात, कोणती रथापुढे आणि कोणती रथामागे हे ठरलेलं असतं. संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ! मग चोपदार दंड वर करतो आणि हजारो माणसं गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो. "ही शिस्त फौजी माणसाची आहे," आजोबा अभिमानानं सांगायचे. आणि ते खरंच आहे. या पालखी सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आपल्याच सातारा जिल्ह्यातले.

एका वर्षी मी कॉलेजातून सुट्टी काढून त्यांच्याबरोबर चालले. वाटेवर चांदोबाचा लिंब म्हणून ठिकाण आहे, तिथे उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्वाची दौड, झालं. माउलींचा अश्व दौडत गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे धावले. मी डोळ्यांतली धूळ पुसत होते. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायांना हात लावला. खाली बघते तर अण्णा, म्हणजे तुझे आजोबा! ज्यांच्यासमोर आम्ही कधी खुर्चीवर बसलो नाही, ते माझ्या पायांशी वाकलेले. मी दचकून मागे सरकले, "अण्णा, मी आहे, मी!" ते म्हणाले, "ठाऊक आहे की, माउली." मला इतकं रडू आलं की उलट पाया पडायचंच राहून गेलं. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा मी इथून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते पाया पडणं राहिलंच.

येत्या आषाढात पालखी लोणंदला असेल तेव्हा आपण तिथे असू. कुणीतरी अनोळखी पांढऱ्या मिशांचे आजोबा तुझ्यासमोर वाकतील. माझ्यासारखा मागे सरकू नकोस. ते उठायच्या आत तूही वाक.

तुझी,
आई