‘गुंतणे’ वाक्यात कसे वापरायचे? ‘गुंतवणे’ आणि ‘अडकणे’ यांत फरक काय?

संक्रांतीचा मांजा आठवा. पायाशी त्याचा गोळा झाला की ‘मांजा गुंतला’. पतंग मात्र वडाच्या फांदीला ‘अडकला’. धाग्यात धागा शिरून सुटेनासा होतो तिथे गुंतणे, नुसतं पुढे सरकता येत नाही तिथे अडकणे. म्हणून लिफ्टमध्ये माणूस अडकतो, गुंतत नाही.

व्याकरण थोडक्यात: गुंतणे अकर्मक, त्यामुळे ‘ती कामात गुंतली’ बरोबर, ‘तिने गुंतली’ चूक. गुंतवणे सकर्मक, म्हणून ‘तिने पोराला चित्रं रंगवण्यात गुंतवलं’.

खरी गंमत पैशांत आहे. ‘मी प्लॉटमध्ये पैसे गुंतवले’ म्हणजे राजीखुशीने, विचार करून. ‘माझे पैसे प्लॉटमध्ये गुंतलेत’ म्हणजे सध्या हातात नाहीत, उसने मागू नका. आणि ‘पैसे अडकलेत’ म्हटलं की समजावं, बिल्डर फोन उचलत नाहीये!

केसांचा गुंता आपण कंगव्याने सोडवतो. ‘आजीचा जीव नातवात गुंतलाय’ हा गुंता मात्र कुणी सोडवायला जात नाही.